जातिलुविहमध्ये जमीन घ्यायचीये? आधी तिथलं पाणी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातलं एक आयटीवालं जोडपं जुलैमध्ये दहा दिवस बालीला चाललंय, त्यांना तिथलं जातिलुविह हे भातशेतीचं गाव बघायचंय, आणि एका एजंटने त्यांना त्याच भागात २० आर शेतजमीन ३० वर्षांच्या लीजवर देतो, मस्त इको रिसॉर्ट टाका, असं गळी उतरवलंय. गाव नक्की कसं आहे, जाण्यासारखं आहे का, आणि पैसे लावण्यासारखं आहे का?

जा, नक्की जा, नुसता एक दिवस नको, दोन रात्री राहा. जमीन मात्र घेऊ नका. एवढ्यावर थांबले तर तुम्ही माझं नाही एजंटचंच ऐकणार हे मला अनुभवाने माहितीये, म्हणून बैजवार सांगते, जरा लांबेल.

मी मूळची दिंडोरीकडची. आधी आपल्याकडे पाणी वापर संस्थांबरोबर काम केलं, मग नशिबाने इंडोनेशियात सिंचन आणि शेतीच्या प्रोजेक्टवर गेले आणि तिथंच बारा वर्षं काढली, आता गुंतवणूक करायला येणाऱ्या लोकांना सल्ला देते, म्हणजे बरेचदा त्यांना कशात पडू नका हेच सांगायचं काम असतं.

गाव बालीच्या तबानान जिल्ह्यात, पेनेबेल तालुक्यात आहे. बातुकारू डोंगराच्या दक्षिण उतारावर, साधारण ७०० मीटर उंचीवर. बातुकारू २,२७६ मीटरचा, आगुंगनंतर बालीतला दुसऱ्या नंबरचा डोंगर, आणि दिवसातला निम्मा वेळ ढगात. एअरपोर्टपासून गाडीने दोन तास धरा, ट्रॅफिक लागलं तर अडीच. तबानानला बालीचं भाताचं कोठार म्हणतात, आणि जातिलुविहला पोचल्यावर का म्हणतात ते कळतं, कारण समोर पायऱ्यापायऱ्यांची खाचरं नुसती उतरत जातात आणि डोळ्याला शेवटच सापडत नाही. २०१२ मध्ये युनेस्कोने बालीच्या सुबाक पद्धतीला जागतिक वारसा म्हणून घेतलं, एकूण १९,५०० हेक्टर, पाच ठिकाणं मिळून, त्यातल्या चातुर आंगा बातुकारू नावाच्या पट्ट्यात हे गाव येतं. या पट्ट्यातल्या खाचरांचा उल्लेख दहाव्या शतकातल्या एका लेखात आहे. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने जातिलुविहला उत्तम पर्यटन गावांच्या यादीत घेतलं, आणि तेव्हापासून एजंट लोकांच्या फोनमध्ये या खाचरांचा फोटो पहिला असतो.

आता मुद्द्याचं. तो फोटो, तो व्ह्यू, निसर्गाने दिलेला नाही, तो रोज कुणीतरी चिखलात उभं राहून बनवतंय. आणि ते एकटा शेतकरी बनवत नाही, सुबाक बनवतं. सुबाक म्हणजे एका पाटाच्या पाण्यावर भिजणाऱ्या सगळ्या शेतकऱ्यांची संस्था. तुम्ही धुळे-बागलाणकडचे असाल तर पटकन कळेल, आपल्याकडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जी फड पद्धत आहे ना, बंधारा, पाट, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकरी फिरवणार, जागल्या राखण करणार, शेतकऱ्याने स्वतः दारं मोडायची नाहीत, तिचीच ही लांबची बहीण समजा. फरक इतकाच की आपल्याकडचे बरेच फड मोडीत निघाले आणि यांचे सुबाक अजून चालू आहेत. बालीत अशा साधारण १,२०० संस्था, एकेकीत ५० पासून ४०० पर्यंत शेतकरी. प्रमुखाला पेकासेह म्हणतात, नियमांना अविग-अविग, आणि नियम मोडला तर दंड असतो, तो खरंच वसूल होतो.

पाणी कसं वाटतात ते बघण्यासारखं आहे. ओढ्यावर बांध घालून पाणी वळवतात, लागेल तिथं डोंगरातून बोगदे खोदून आणतात, आणि मग जिथं पाट फुटतो तिथं तेम्बुकू असतो, लाकडाचा किंवा दगडाचा आडवा अडसर, त्याला खाचा पाडलेल्या. ज्याचा जेवढा हिस्सा तेवढी खाच रुंद. पाणी वाढलं तर सगळ्यांचं वाढतं, घटलं तर सगळ्यांचं घटतं. मीटर नाही, मोटार नाही, ऑपरेटर नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नवीन इंजिनिअरचा उत्साह होता, मी पेकासेहना म्हणाले की इथं लोखंडी गेट बसवा, कंट्रोल चांगला राहील. त्यांनी शांतपणे विचारलं, गेटची चावी कुणाकडे राहणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिंडोरीत कालव्याच्या गेटवरून झालेली भांडणं आठवली आणि गप्प बसले.

यातली खरी गंमत पाण्यापेक्षा किडीत आहे, आणि ही गोष्ट समजली की गावात पैसे कुठे लावायचे हेही आपोआप समजतं. बघा, पाणी कमी असेल तर वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यांनी वेगवेगळ्या वेळी लावणी करायला हवी, म्हणजे एकाच वेळी सगळ्यांना पाणी लागणार नाही. पण सगळे वेगवेगळ्या वेळी लावायला लागले तर शेतात कायम कुठं ना कुठं हिरवं भात उभं असतं, मग तुडतुडे आणि उंदीर या खाचरातून त्या खाचरात मजेत फिरतात. त्यांना उपाशी मारायचं तर सगळ्यांनी एकदम लावायचं, एकदम कापायचं आणि एकदम पड ठेवायची. म्हणजे पाण्याला एक वेळापत्रक सोयीचं आणि किडीला बरोबर उलटं. वरचा शेतकरी खालच्याला पाणी का सोडतो, तर खाली पाणी गेलं नाही तर खालचा उशिरा लावणार आणि त्याच्याकडची कीड वर येणार. चांगुलपणा आहेच, पण त्यात हिशेबही आहे. आणि या दोन्हीचा मध्य काढून तारखा ठरतात त्या पाण्याच्या देवळात. स्टीफन लान्सिंग नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने यावर अख्खं आयुष्य घातलं, जेम्स क्रेमर या शास्त्रज्ञाबरोबर कॉम्प्युटर मॉडेल बनवून दाखवलं की देवळांनी ठरवलेली वेळापत्रकं शेताला खरोखर मानवतात.

हे लोकांना कळायच्या आधी मोडूनही झालं होतं. १९७० च्या दशकात हरितक्रांतीच्या नादात सरकारने सांगितलं की नवीन वाण लावा, खत टाका, आणि जितक्यांदा पीक घेता येईल तितक्यांदा घ्या, देवळाच्या तारखा बघत बसू नका. काही हंगाम बरे गेले आणि मग तुडतुड्यांनी धुमाकूळ घातला, औषध मारलं तर कीड त्याला सरावली, नवीन वाण आणला तर नवीन रोग आला. शेवटी ऐंशीच्या दशकात तारखा परत देवळाकडे आल्या. हे सांगायचं कारण म्हणजे बाहेरून येऊन 'सुधारणा' सांगणाऱ्याकडे हे लोक तोंडावर हसून बघतात, नाही म्हणत नाहीत, पण त्यांना ते दिवस आठवत असतात. बालीत नाही म्हणायची पद्धत नाही, हसून मान हलवली म्हणजे हो झालं असं धरू नका, माझे दोन प्रोजेक्ट याच गैरसमजात लटकलेत.

फिरायला जाणाऱ्यांसाठी सांगते. इथला जुना लाल भात, उंच काडीचा, पाच-साडेपाच महिने घेणारा, साधारण जानेवारीत लावतात आणि जून-जुलैत कापतात. त्यानंतर बरेच जण कमी दिवसांचा वाण घेतात. म्हणजे हिरवागार व्ह्यू हवा असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल, पण पावसाची तयारी ठेवून. सोनेरी हवा असेल तर जून. चिखलणी झालेली, पाणी भरलेली, आरशासारखी खाचरं बघायची असतील तर लावणीच्या आधीचे आठवडे, आणि माझ्या मते तोच सगळ्यात भारी काळ आहे पण त्याचे फोटो कुणी टाकत नाही. तुम्ही जुलैत चाललाय, तर दौऱ्याचे पहिलेच दिवस जातिलुविहला द्या, कापणी चालू असेल तर नशीब, उशीर झाला तर निव्वळ धसकटं बघायला मिळतील. तेही बघा म्हणा, पण इंस्टाग्राम नाराज होईल.

कापणी अजून काही जण छोट्या हातविळीने करतात, एकेक लोंबी खुडून. लोंब्यांच्या जुड्या बांधून त्या लुम्बुंगमध्ये, म्हणजे खांबांवर उभ्या केलेल्या छपरी कोठारात, आपल्या कणगीची ऐटदार आवृत्ती समजा, तिथं ठेवतात. आणि भात पोटरीत आलं की ब्युकुकुंग नावाचा विधी करतात, देवी श्री, म्हणजे भाताची देवी, गर्भार आहे असं मानून. थोडक्यात भाताचं डोहाळजेवण. आपणही 'भात पोटरीला आलं' असंच म्हणतो हे मी तिथल्या बायकांना सांगितलं तर त्या इतक्या खूश झाल्या की पुढचा तासभर मला सोडलंच नाही.

अजून एक आपलं नातं. बालीत शक चालतो, आपलाच शक, शालिवाहन म्हणा. त्यांचं नवीन वर्ष न्येपी आणि आपला गुढीपाडवा हे काही वर्षी बरोबर येतात किंवा एखाद दिवसाने चुकतात, काही वर्षी मात्र महिनाभराचं अंतर पडतं, २०२५ ला न्येपी २९ मार्चला आणि पाडवा ३० ला होता, २०२६ ला दोन्ही १९ मार्चलाच. फक्त आपण गुढी उभारून श्रीखंड खातो आणि ते चोवीस तास घरात गप्प बसतात, दिवा नाही, गाडी नाही, एअरपोर्टसुद्धा बंद. त्या दिवशी तिकीट काढलेले लोक मी बघितलेत, म्हणून आधी तारीख बघून घ्या.

कागदपत्रं सोपी आहेत. भारतीय पासपोर्टवर पोचल्यावर व्हिसा मिळतो, ५,००,००० रुपिया, ३० दिवस, आणि एकदा वाढवता येतो. बालीत येणाऱ्या परदेशी माणसाला १,५०,००० रुपिया वेगळी फी आहे, १४ फेब्रुवारी २०२४ पासून, ती ऑनलाइन भरून ठेवा. गावाच्या तोंडाशी वेगळं तिकीट लागतं. कार पूर्ण दिवसाची ठरवा, कारण ॲपवर गाडी करून वर जाता येतं पण परतीला वर गाडी मिळत नाही आणि मग संध्याकाळी धुक्यात रस्त्यावर उभं राहायची वेळ येते. स्कूटरवर जाणार असाल तर दुचाकीचं इंटरनॅशनल लायसन्स हवं, आणि त्या रस्त्यांवर समोरून ट्रक आला की बाजूला खाचर असतं, विचार करा. येताना वाटेत मेंगवीचं तामान आयुन देऊळ येतं, तेही युनेस्कोच्या त्या पाचांपैकी एक, अर्धा तास थांबा.

गावात पायवाटा आखलेल्या आहेत, लहान-मोठ्या, रंगांनी दाखवलेल्या. बांधावर एका मागोमाग एक चाला, कडेवर पाय देऊ नका, बांध फुटला तर खालच्या तीन जणांचं पाणी जातं. पहाटे सहाला निघा, नऊनंतर टूरवाल्यांच्या गाड्या यायला लागतात आणि दहा वाजता सगळे एकाच वळणावर सेल्फी काढत असतात. डोंगराच्या पोटात पुरा लुहुर बातुकारू हे मोठं देऊळ आहे, तिथं सारोंग आणि कमरेला पट्टा बांधूनच आत, आणि पाळी चालू असलेल्या बायकांनी आत येऊ नये असा बोर्ड असतो. पटो न पटो, तिथं वाद घालू नका. जमिनीवर ठेवलेल्या फुलांच्या द्रोणांवर पाय पडू देऊ नका.

जेवणाचं शाकाहारी लोकांसाठी वेगळं सांगावं लागतं. लाल भात, तोफू, तेम्पे, नारळ घातलेली उकडलेली भाजी म्हणजे उराप, सगळं उत्तम. पण सांबालमध्ये म्हणजे त्यांच्या ठेच्यात तेरासी असते, ती कोळंबीची आंबवलेली पेस्ट, आणि नुसतं 'वेज' म्हणून ती थांबत नाही. 'तान्पा तेरासी' हे दोन शब्द पाठ करा. लाल तांदूळ भाजून केलेला चहा मिळतो तो प्या, घरी आणा, खमंग असतो, पहिल्या घोटाला नाचणीच्या आंबिलीची आठवण येते असं माझी आई म्हणाली होती, मला तसं काही वाटलं नाही. राहायला गावातल्याच कुणाच्या घरचं होमस्टे बघा, थंडी असते, एक स्वेटर न्या.

आता पैशाचं.

गावाचा कारभार समजून घ्या कारण तुमचा एजंट फक्त एकच माणूस ओळखतो. तिथं सरकारी गाव वेगळं आणि परंपरेचं गाव वेगळं. सरकारी गावाचा प्रमुख पेर्बेकेल, त्याच्याकडे दाखले, सरकारी निधी, २०१४ च्या ग्रामकायद्याने आलेली गावाची स्वतःची कंपनी वगैरे. परंपरेचं गाव म्हणजे देसा आदात, त्याच्याकडे देवळं, विधी, कोण गावाचा आणि कोण बाहेरचा ते ठरवणं, आणि १९८४ पासून चालत आलेली गावची पतपेढी. एका सरकारी जातिलुविहमध्ये अशी दोन आदात गावं आहेत, जातिलुविह आणि गुनुंगसारी. त्याच्या खाली बांजार म्हणजे वाड्या-आळ्यांच्या संस्था. आणि या सगळ्याला आडवं सुबाक, ज्याची हद्द गावाप्रमाणे नाही, पाण्याप्रमाणे असते, आणि २०१२ पासून त्याला प्रांताच्या कायद्याचंही कवच आहे. म्हणजे एका २० आर तुकड्यावर चार जणांचं म्हणणं असू शकतं आणि सातबाऱ्यासारख्या कागदावर त्यातलं एकच नाव दिसतं.

'आर' वरून आठवलं, तिथले दलाल भाव आरमध्ये सांगतात, १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ आपला गुंठा. मराठी माणसाला ते लगेच समजतं, आणि लगेच समजतं म्हणूनच हिशेब सोपा वाटतो. २० गुंठे, एवढेच तर पैसे, पुण्यात तर एवढ्यात फ्लॅटसुद्धा नाही. इथं सावध व्हा.

इंडोनेशियात १९६० चा जमीन कायदा आहे. पूर्ण मालकी, ज्याला हाक मिलिक म्हणतात, ती फक्त तिथल्या नागरिकाला. परदेशी माणूस वापराचा हक्क किंवा भाडेपट्टा घेऊ शकतो, परदेशी भांडवलाची कंपनी काढली तर बांधकामाचा हक्क मिळतो, ३० वर्षं, मग २० वाढवून, मग परत ३०. म्हणजे एजंट म्हणतो तसं लीज मिळतं, तो खोटं बोलत नाहीये. तो अर्धं बोलतोय. जमीन भाड्याने मिळणं वेगळं आणि तिच्यावर बांधायची परवानगी मिळणं वेगळं. २००९ च्या कायद्याने राखीव शेतजमिनी ठरवल्यात, त्यावर संरक्षित भातखाचरांचे नकाशे आहेत, आणि वारसा क्षेत्राचे नियम त्याच्यावर. जातिलुविहच्या खाचरात रिसॉर्टची परवानगी कायदेशीर मार्गाने मिळेल असं तुम्हाला कुणी सांगितलं तर त्याला म्हणा आधी झोनिंगचा दाखला आण, मग बोलू. आणि बालीत लीजचे पैसे बहुतेक वेळा पूर्ण मुदतीचे आधी द्यावे लागतात, ३० वर्षांचे एकदम. आता ३० वर्षांचे पैसे भरून तुमच्या हातात काय आलं, तर ३० वर्षं भात लावायचा हक्क. तुम्हाला चिखलणी येते का?

दुसरा रस्ता एजंट नंतर सुचवतो, तो जास्त वाईट. एखाद्या स्थानिक माणसाच्या नावावर घ्या, आतून तुमच्याशी करार. त्याच १९६० च्या कायद्यात कलम २६ आहे, परदेशी माणसाला आडून मालकी देणारा असा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने ड्रायव्हरच्या मेव्हण्याच्या नावावर असा व्यवहार करून बसल्यावर मला फोन केला होता, बयाणा आणि निम्मी रक्कम गेलेली. मेव्हणा वाईट माणूस नव्हता हो, पण तो वारला आणि त्याच्या मुलांना त्या आतल्या कराराबद्दल काही माहितीच नव्हतं, आणि असती तरी त्यांनी तो का पाळायचा. वकील म्हणाला कोर्टात गेलात तर आधी तुम्हीच कायदा मोडल्याचं कबूल करावं लागेल.

आणि हे फक्त परदेशी लोकांशी वाकडं आहे असं नाही. १९६१ पासूनचा नियम आहे की शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात राहणारा हवा. म्हणजे जकार्तावाल्यालासुद्धा जातिलुविहची खाचरं सरळ घेता येत नाहीत. आपल्याकडे शेतकरी दाखल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि तरी किती जणांनी खोटे दाखले काढले ते आपल्याला माहितीये, तसे तिकडेही चोरदरवाजे आहेतच. पण चोरदरवाज्यातून स्थानिक माणूस आत गेला तर त्याला गाव सांभाळून घेतं, तुम्हाला कोण घेणार?

कंपनी काढून व्यवस्थित करायचं म्हणाल तर परदेशी भांडवलाच्या कंपनीला १० अब्ज रुपियांहून जास्त गुंतवणुकीचा प्लॅन दाखवावा लागतो, जमीन आणि इमारत सोडून. आपल्या पैशात पाच कोटींच्या वर. पाच खोल्यांपर्यंतचं घरगुती होमस्टे हा धंदा तिथल्या नागरिकांसाठीच राखीव आहे, तो तुम्हाला करताच येणार नाही. म्हणजे छोटं करायला परवानगी नाही आणि मोठं करायला त्या खाचरात जागा नाही.

मग काय, पैसे लावूच नयेत? लावा की, पण त्या गावाला ज्याची कमी आहे त्यात. जमीन तिथं कमी नाही. कमी आहे ती शेती करणाऱ्यांची. तरणी पोरं दक्षिणेकडच्या हॉटेलात आणि क्रूझवर गेली, खाचरात आहेत ते साठीच्या पुढचे काका-काकू, कित्येक तर दुसऱ्याची जमीन नांदू म्हणजे अर्धेलीने करणारे. वरच्या रस्त्याने रेस्टॉरंटची रांग आहे, तिथं खिडकीजवळच्या टेबलाला पैसे मिळतात, आणि खिडकीतून दिसणाऱ्या खाचराच्या मालकाला भाताचा भाव मिळतो. गावात यावरून कुरबुर आहे, आणि ती रास्त आहे. गावाला मिळणाऱ्या तिकिटाच्या पैशातून सुबाकलाही वाटा जातो, पण बांधावर उभं राहून एखाद्या काकूंना विचारा, पुरतो का. त्यात व्ह्यूमुळे आजूबाजूच्या जमिनीचे भाव वाढले की कर वाढतो, आणि भात पिकवणारा माणूस रिसॉर्टच्या भावाच्या जमिनीवर भाताचं उत्पन्न घेऊन बसतो. मुळशी-पानशेतकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून मी ज्यांना सल्ला देते त्यांना कापणीनंतरचं बघायला सांगते. लाल तांदळाची मळणी, भरडणी, प्रतवारी, पॅकिंग, चहा भाजणं, आणि मुख्य म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला भाव ठरवून पूर्ण हंगामाची खरेदी. गिऱ्हाईक शोधायला समुद्र ओलांडायची गरज नाही, बालीतली हॉटेलं आहेत. २०१८ मध्ये बालीच्या गव्हर्नरने नियम काढला, नंबर ९९, की हॉटेल-रेस्टॉरंट-सुपरमार्केटनी स्थानिक शेतमाल घ्यायचा. नियम कागदावर जोरात आणि प्रत्यक्षात ढिला आहे, पण खरेदी मॅनेजरला भेटायला जाताना तो हातात असलेला बरा असतो. हॉटेलचा शेफ पहिला प्रश्न विचारतो की मला दर आठवड्याला सारख्या दर्जाचा माल मिळेल का, आणि गावातली छोटी गिरणी याला हो म्हणू शकत नाही. एक चांगली, पॉलिश न करणारी भरडणी, ओलावा मोजायचं यंत्र, कोरडी साठवण आणि कामावर ठेवलेली दोन गावातली मुलं, इतकंच अडलेलं असतं. हे गावाच्या कंपनीबरोबर किंवा सुबाकच्या सहकारी संस्थेबरोबर करार करून होतं, जमिनीला हात न लावता. परतावा सावकाश येतो, पहिली दोन वर्षं बहुतेक येतच नाही, ते आधी मान्य असेल तरच.

आणि कराराच्या आधी पेकासेहना भेटा. एजंटला न घेता, दुभाषा स्वतःचा न्या, हातात लिफाफा नको, पेटीभर फळं चालतील. त्यांना दोनच गोष्टी विचारा, यंदा पाणी कधी उघडणार आणि तुमच्या एजंटने दाखवलेल्या त्या २० आरला पाणी कुठल्या तेम्बुकूवरून येतं. मी अशा प्रकारे विचारलेल्या एका तुकड्याबद्दल उत्तर मिळालं होतं की तो तुकडा विकायचा नाहीये, त्याच्या मालकाला अजून कुणी विचारलेलंच नाही.

बूट नेऊ नका चांगले. रबरी चप्पल न्या, पट्ट्याची, आणि एक जोडी जास्तीची, बांधावर एक हमखास तुटते.